मुक्या प्राण्यांचे मुके कैवारी

औषधाच्या बाटलीवर कारखान्याचें नांव असतें, किंमत असते आणि औषध केव्हांपर्यंत घ्यावें हेंहि छापलेलें असतें. तें औषध माणसाच्या पोटांत जाण्यापूर्वीं कोणत्या जिवांच्या अंगांत गेलें, आणि त्या जिवांना खाऊं-पिऊं घालणारा, त्यांचीं दुखणीं ओळखणारा व शेवटीं बहुधा स्वतःच्या हातानें त्यांना मरण देणारा मनुष्य कोण होता, याचा मात्र तेथें उल्लेख नसतो. तो बाटलीवर असावा असा आमचा आग्रह नाहीं. परंतु सुशिक्षितांच्या मनांत तरी तो असावा, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणतां येणार नाहीं. आणि तो तेथेंहि नाहीं, हीच आमची तक्रार आहे.

ज्याच्याविषयीं लिहावयाचें त्याला संशोधनसंस्थांत निरनिराळ्या नांवांनीं हांक मारतात. कोठें तो 'अटेंडंट', कोठें 'टेक्निशियन', आणि पुष्कळ ठिकाणीं नुसता 'उंदरांकडचा माणूस'. आपण त्याला प्राणि-आरोग्य तंत्रज्ञ म्हणूं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत या कामासाठीं तीन वर्षांचा महाविद्यालयीन अभ्यासक्रम आहे; अमेरिकेंत १९५० सालीं या क्षेत्रांतील मंडळींची स्वतंत्र संघटना उभी राहिली व आज ती तंत्रज्ञांच्या पायरीपायरीनें परीक्षा घेते. आपल्याकडे मात्र हें काम म्हणजे दाणा-पाणी आणि झाडलोट, असा समज दृढ आहे. आणि तो अशिक्षितांपेक्षां शिकलेल्यांतच अधिक दृढ आहे, हें विशेष.

या कामाचें स्वरूप प्रथम नीट पाहिलें पाहिजे. प्राणिगृहांत शिरतांना तंत्रज्ञाला कपडे व पादत्राणें बदलावीं लागतात, तोंडाला पट्टी आणि हातांत मोजे घालावे लागतात. बाहेरचा रोग आंत जाऊं नये व आंतला बाहेर येऊं नये, ही पहिली दक्षता. हवेचें तपमान, ओलावा, दिव्यांची वेळ, पिंजऱ्यांतलें तूस किती ओलें झालें, मूत्राचा उग्र दर्प किती वाढला, या सर्वांची नोंद त्याच्याकडे. परंतु त्याची खरी विद्या याच्या पुढें आहे, आणि ती म्हणजे पाहणें. उंदीर, ससा, गिनिपिग हे निसर्गांत दुसऱ्याचें भक्ष्य होणारे प्राणी. दुखणें दिसलें कीं शिकाऱ्याची नजर आपल्यावरच पडावयाची, म्हणून दुखणें लपविणें हा त्यांचा स्वभाव होऊन बसला आहे. पाठीला आलेला किंचित् बाक, विस्कटलेले केस, अर्धवट मिटलेले डोळे, कोपऱ्यांत एकटें बसणें, कालच्यापेक्षां घटलेलें वजन, एवढ्याच खुणा मिळतात. पांढऱ्या उंदराच्या डोळ्यांभोंवतीं कधीं कधीं तांबूस डाग दिसतो. अजाण माणूस त्याला रक्त समजतो. पण तें असतें डोळ्यांमागील पिंडांतून पाझरणारें रंगद्रव्य, आणि बहुधा ताणाचें किंवा आजाराचें चिन्ह. सशाचे व उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात. ते एकमेकांवर नीट बसले नाहींत तर झिजत नाहींत, आणि समोर खाद्य असून प्राणी उपाशी मरतो. हें वेळीं ओळखणारा मनुष्य नुसता दाणे टाकणारा कसा?

मॉण्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं २०१० सालीं उंदराच्या चेहऱ्यावरून वेदनेचें माप घेण्याची पद्धति प्रसिद्ध केली. डोळे आकसणें, नाक व गाल फुगणें, कान आणि मिशा यांची ठेवण बदलणें, यांवरून गुण द्यावयाचे अशी ती पद्धति आहे. जाणत्या परिचारकाची नजर जें टिपते त्याला शास्त्रानें येथें अंक लावून दिले, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

याखेरीज भूल देणें, रक्त काढणें, शस्त्रक्रियेनंतर जखमेची व उबेची काळजी घेणें, प्रत्येकाची नोंद ठेवणें हीं कामें असतातच. आणि या रोग्यांना सुट्टी ठाऊक नसते. दिवाळीच्या पहाटे, गणेशचतुर्थीला, मुंबई तुंबून आगगाड्या बंद पडतात त्या दिवशींहि त्यांना पाणी लागतें. २०२० सालच्या मार्चांत सारा देश घरांत बसला, तेव्हांहि पिंजऱ्यांतला प्राणी घरीं बसून सांभाळतां येत नव्हता. शास्त्रज्ञ आपला निबंध घरीं बसून लिहूं शकतो. तुसाची बदली घरून होत नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप शास्त्रज्ञांच्या कोटांतून येतो. तो असा कीं, प्रयोगाची कल्पना आमची, गणित आमचें, निष्कर्ष आमचा. प्राणी सांभाळणारा हा निमित्तमात्र, आज हा उद्यां दुसरा. या आक्षेपाला विज्ञानाच्या इतिहासांतच उत्तर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच ईस्ट इंडीजमधील बटाव्हिया, म्हणजे आजचें जकार्ता, येथें ख्रिस्तियान आयकमान हे बेरीबेरी रोगाचें कारण शोधीत होते. रोग जंतूंमुळें होतो असा त्यांचा तर्क होता. प्रयोगशाळेंतल्या कोंबड्या एकाएकीं लुळ्या पडल्या, आणि कांहीं महिन्यांनीं तितक्याच एकाएकीं बऱ्या झाल्या. जंतूंच्या शास्त्रानें या कोड्याचा उलगडा होईना. शेवटीं चौकशींत निघालें तें असें : कोंबड्या सांभाळणाऱ्यानें काटकसर म्हणून लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरांतला सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात त्यांना घालण्यास सुरुवात केली होती, पुढें तेथें नवा आचारी आला, आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देणार नाहीं, असें त्यानें साफ सांगितलें. भात बंद झाला आणि कोंबड्या उठल्या. पुढें ज्यांना जीवनसत्त्वें म्हणूं लागले त्यांच्या शोधाची वाट येथून फुटली, आणि १९२९ सालीं आयकमान यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. तो योग्यच मिळाला. परंतु प्राण्याच्या तोंडांत रोज काय पडतें हें ज्याच्या हातांत आहे त्याच्या हातांत प्रयोगहि आहे, हा या कथेचा धडा कोणी घ्यावयाचा? पिंजऱ्यापाशीं शिकलेला माणूस आणि खाद्याची चोख नोंद असती, तर जें आचाऱ्याच्या हट्टानें उजेडांत आलें तें वहीचें पान उलटून दिसलें असतें.

आपल्याच देशांतलें उदाहरण हवें असल्यास कुन्नूरचें घ्यावें. तेथें रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं हिंदुस्थानांतील निरनिराळ्या लोकांचे आहार पांढऱ्या उंदरांना घालून त्यांची वाढ तपासली. शिखांचा गहूं-दूध-भाजीचा आहार पहिला ठरला, पठाणांचा दुसरा, मराठ्यांचा तिसरा. तांदुळावर भिस्त ठेवणारा मद्रासी आहार शेवटीं गेला. त्या कामांतून वाढत गेलेली संस्था १९५८ सालीं हैदराबादेस गेली व आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. ज्या प्रयोगांत एका पिंजऱ्यांतली पोळी दुसऱ्या पिंजऱ्यांत गेली कीं सगळें संशोधन मातीमोल, त्या प्रयोगांत पिंजऱ्याजवळचा मनुष्य निमित्तमात्र होता असें म्हणावयास मोठें धैर्य लागेल.

याहून सूक्ष्म पुरावाहि आहे. लिव्हरपूल येथील संशोधकांनीं २०१० सालीं दाखवून दिलें कीं, उंदराला शेपटीला धरून उचललें तर तो भेदरतो आणि हाताला टाळूं लागतो. त्याऐवजीं नळींतून किंवा ओंजळींत उचललें तर तो शांत राहतो. मॅकगिलच्या शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं त्याहून चमत्कारिक गोष्ट सिद्ध केली : खोलींत पुरुष असला तर नुसत्या त्याच्या वासानें उंदरांवर ताण येतो आणि त्यांची वेदनेची जाणीव बदलते, स्त्रीच्या उपस्थितींत तसें होत नाहीं. म्हणजे प्राण्याला कोणी उचललें, कसें उचललें, खोलींत कोण होतें, यांवर प्रयोगाचा आंकडा हलतो. तरी निबंधाच्या शेवटच्या आभारांतहि त्या हातांचा उल्लेख बहुधा नसतो. लाखोंचें यंत्र बिघडलें तर परदेशांतून कारागीर बोलावतात. आणि ज्याच्या ओंजळीवर सगळ्या आंकड्यांचा खरेपणा अवलंबून, त्याला अकरा महिन्यांच्या कंत्राटावर ठेवतात! याला काटकसर म्हणावयाचें असेल तर ती बटाव्हियाच्या काटकसरीच्या जातीची आहे.

दुसरा आक्षेप घरांतून येतो, आणि तो अधिक बोचरा आहे. मुलगा किंवा मुलगी प्राणिगृहांत काम करते असें कळलें कीं भल्या भल्या घरांतून नाकें मुरडतात. हें खाटकाचें काम. आपल्यासारख्यांनीं मुक्या जनावरांचे हाल करून पोट भरावें काय? असा प्रश्न होतो, आणि लग्नाच्या बोलण्यांत तर तो हमखास होतो. येथें आम्ही दोन माणसांत भेद करतों. प्राण्यावर सिद्ध झालेलें कोणतेंहि औषध, कोणतीहि लस मी घेणार नाहीं, असें म्हणून त्याप्रमाणें जो वागतो, त्याच्याशीं आमचा वाद नाहीं. त्याचें मत आम्हांस पटलें नाहीं तरी त्याच्या निष्ठेला आमचा नमस्कार आहे. परंतु असा मनुष्य लाखांत एखादाच. बाकीचे आपण सगळे लस टोंचून घेण्याच्या रांगेंत उभे राहतों, आणि ती लस ज्याच्या कष्टांतून आली त्याच्या कामाला मात्र नांवें ठेवतों. याला अहिंसा म्हणत नाहींत. खाल्ल्या घरचे वासे मोजणें म्हणतात.

मुंबईचा या बाबतींतला ऋणानुबंध जुना आहे. १८९६ सालीं प्लेगनें शहर ओस पडूं लागलें तेव्हां वाल्देमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका जागेंत लस तयार करण्यास आरंभ केला. सशांवर तिचा गुण दिसल्यानंतर १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती स्वतःला टोंचून घेतली. तीन महिन्यांच्या त्या कामांत त्यांच्या एका साहाय्यकाचें मनःस्वास्थ्य ढळलें व दोघे काम सोडून गेले. हाफकिन यांचें नांव परळच्या संस्थेला मिळालें, आणि तें मिळावयासच हवें होतें. साहाय्यक मात्र इतिहासांत 'एक' आणि 'दोघे' एवढेच उरले. सर्पविषावरील लस कशी होते? घोड्याला नाग, मण्यार, घोणस, फुरसें यांचें विष अल्प प्रमाणांत टोंचून, त्याच्या अंगांत प्रतिकार उत्पन्न करून, मग त्याच्या रक्तांतून. कोंकणांत फुरसें चावलेला शेतकरी वांचतो तेव्हां एका घोड्यानें आणि त्या घोड्याला ओळखणाऱ्या एका मोतद्दारानें त्याला वांचविलेलें असतें. २०२० सालीं कोरोनाच्या देशी लशीची माकडांवर परीक्षा झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांच्या त्या प्रयोगांत वीस माकडें होतीं, पांच-पांचांचे चार गट. त्या लशीचें श्रेय कोणाचें यावर पुष्कळ भाषणें झालीं. त्या वीस माकडांना रोज कोणी खाऊं घातलें, संरक्षक पोषाखांत घामानें भिजून त्यांचे पिंजरे कोणी धुतले, हा प्रश्न एकाहि भाषणांत आमच्या कानीं आला नाहीं.

मरण देण्याचें काम त्याच्याकडे असतें, हें आम्ही लपवीत नाहीं. ज्याला महिनोन्महिने हातानें खाऊं घातलें त्यालाच एके दिवशीं वेदनारहित मरण द्यावें लागतें, आणि तें चुकलें तर शेवटचीं मिनिटें यातनांचीं होतात. हें काम कोरड्या मनाच्या माणसाकडून करून घ्यावें कीं ज्याचा हात त्या क्षणींहि हळुवार राहतो अशा माणसाकडून? आक्षेपकांनीं नाकें मुरडून भल्या माणसांना या कामापासून दूर ठेवलें, तर मागें कोण उरेल याचा त्यांनीं विचार केला आहे काय? दयाळू घरांतल्या मुलांनीं तेथें जाऊं नये म्हणणें म्हणजे मुक्या प्राण्यांना निर्दयांच्या हवालीं करणें होय. क्रौर्य कोठें असेल तर तें सुईंत नसून बेपर्वाईंत असतें. आणि बेपर्वाईवर उतारा एकच, जाणत्या माणसाची रोजची हजेरी.

तिसरा आक्षेप नव्या जमान्याचा आहे. आतां गणकयंत्रें आलीं, पेशींपासून बनविलेल्या लहान लहान अवयवांवर परीक्षा होऊं लागल्या. भारत सरकारनेंहि २०२३ सालीं औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांवांचूनच्या पद्धतींना वाव दिला. मग मावळत्या धंद्याची एवढी वकिली कशाला? प्राण्यांचे प्रयोग जितके घटतील तितके आम्हांस हवेच आहेत. सौंदर्यप्रसाधनांसाठीं प्राण्यांवर होणाऱ्या परीक्षांना या देशानें २०१४ सालीं बंदी केली, ती अत्यंत उचित होती. परंतु जोंवर एक ससा पिंजऱ्यांत आहे तोंवर त्या सशाला आजचा दिवस काढावयाचा आहे, आणि उद्यांचीं यंत्रें त्याच्या आजच्या वेदनेला उपयोगी नाहींत. १९५९ सालीं रसेल आणि बर्च या दोघां इंग्रज लेखकांनीं तीन तत्त्वें सांगितलीं : शक्य तेथें प्राण्यांऐवजीं दुसरें साधन वापरावें, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि जे वापरावेच लागतील त्यांचे क्लेश कमी करावे. पहिलीं दोन शास्त्रज्ञाच्या मेजावर पाळलीं जातात. तिसरें तत्त्व पिंजऱ्यापाशींच पाळावें लागतें, आणि तें पाळणारा हात तंत्रज्ञाचा असतो.

हा हात स्वतः सुरक्षित आहे असेंहि नव्हे. उंदरांच्या मूत्रांतील प्रथिनें वर्षानुवर्षें श्वासावाटे जाऊन कित्येकांना दमा जडतो. मग ज्या विद्येंत आयुष्य घातलें तीच सोडावी लागते. अमेरिकेंतील एका वानर-संशोधन केंद्रांत १९९७ सालीं बावीस वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्यांत माकडाच्या अंगचा द्रव उडाला. माकडांना फारसा त्रास न देणारा पण माणसाच्या मेंदूला ग्रासणारा विषाणु त्यांत होता, आणि कांहीं आठवड्यांत ती गेली. डोळ्यांवर साधा चष्मा असता तर कदाचित् ती वांचली असती. चष्मा, मुखपट्टी, वैद्यकीय तपासणी हीं उपकार म्हणून देण्याचीं वस्तु नव्हेत. तो त्या माणसाचा हक्क आहे.

आतां मुख्य मुद्द्यावर येऊं. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा. प्रयोग जपून व माणुसकीनें व्हावेत, प्रयोगापूर्वीं आणि प्रयोगानंतर प्राण्यांची नीट निगा राखली जावी, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. १९९८ सालच्या नियमांनीं प्रत्येक संस्थेंत एक नीतिसमिति आवश्यक केली. तिच्यांत कोण बसतात? एक जीवशास्त्रज्ञ, निरनिराळ्या शाखांचे आणखी दोन शास्त्रज्ञ, एक पशुवैद्य, प्राणिगृहाचे प्रमुख शास्त्रज्ञ, संस्थेबाहेरचे एक शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञ नसलेले एक समाजहितचिंतक गृहस्थ, आणि सरकारी समितीचा प्रतिनिधि. रोज पिंजऱ्यापुढें उभें राहणाऱ्यासाठीं मात्र तेथें खुर्ची नाहीं! निगेचा निर्णय घेणारे सर्व, निगा राखणारा तेवढा नाहीं. उंटावरून शेळ्या हांकणें म्हणतात तें याहून वेगळें काय असतें?

बाहेरच्या देशांत पाहावें. इंग्लंडांत १९८६ च्या कायद्यान्वयें प्रत्येक प्रयोगशाळेंत प्राण्यांच्या रोजच्या निगेसाठीं जबाबदार असा एक अधिकारी नांवानिशीं नेमावा लागतो. युरोपच्या संघानें २०१० सालच्या आदेशांत प्राणिकल्याण-मंडळावर निगेची जबाबदारी असणारी व्यक्ति असलीच पाहिजे, असें ठरविलें. कॅनडांतील प्राणिनिगा-समितींत तंत्रज्ञांचा प्रतिनिधि असावा, असें तेथील राष्ट्रीय मंडळाचें धोरण आहे. त्यामुळें तेथलें संशोधन कांहीं खोळंबलें नाहीं.

यावर असें म्हणतील कीं, अर्धशिक्षित मनुष्य विद्वानांच्या सभेंत बोलणार काय? तो एवढेंच बोलेल : "साहेब, या औषधाच्या गटांतले प्राणी तिसऱ्या दिवसापासून पाणी पीत नाहींत, वेदनाशामक संध्याकाळीं द्यावयाचें असें कागदावर आहे, पण संध्याकाळीं येथें कोणी नसतें." या दोन वाक्यांची किंमत कित्येक पानांच्या अर्जापेक्षां अधिक आहे. आणि तो अर्धशिक्षित असलाच, तर तो दोष त्याचा कीं त्याला शिकविण्याची सोय न करणाऱ्यांचा?

आमच्या मागण्या थोड्या व सरळ आहेत. या कामाचें रीतसर शिक्षण व परीक्षा असाव्यात, आणि परीक्षा उतरलेल्याला कायमची नोकरी व पुढची पायरी असावी. नीतिसमितींत त्याच्यासाठीं कायद्यानें एक जागा ठेवावी. प्राण्याला ठरल्यापेक्षां अधिक यातना होत आहेत असें दिसतांच प्रयोग थांबवून पशुवैद्याला बोलावण्याचा अधिकार त्याला लेखी द्यावा, आणि तो वापरल्याबद्दल त्याच्या नोकरीला धक्का लागणार नाहीं अशी हमी असावी. शोधनिबंधांत त्याच्या कामाचा नांवानिशीं उल्लेख व्हावा. यांतल्या एकाहि गोष्टीला मोठा खजिना लागत नाहीं. लागते ती थोडी न्यायबुद्धि.

पांचवी मागणी सरकारकडे नसून वाचकांकडे आहे. शंभर वर्षांपूर्वीं परिचारिकेचा धंदा भल्या घरच्या मुलींचा नव्हे, असें आपल्याकडे प्रतिष्ठित लोक म्हणत. आज तसें म्हणणाऱ्याला आपण हंसतों, कारण रुग्णालयांत खाटेवर पडल्यावर त्या हातांची किंमत आपल्याला कळलेली आहे. प्राणिगृहांतल्या हातांची किंमत कळण्याला तशी खाट मिळावयाची नाहीं. ती बुद्धीनेंच ओळखावी लागेल. तुमच्या घरांतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला मुक्या जिवांची ओढ असेल, हात हलका आणि नजर तीक्ष्ण असेल, तर या कामाला जाऊं नको असें तिला सांगूं नका. आणि ती गेली, तर पाहुण्यांपुढें तिच्या कामाचें नांव सांगतांना आवाज खालीं आणूं नका.